सुभेदार अजून जिवंत आहे

१

पिंजऱ्यावरचा कपडा सुनेनं अर्धाच उचलला आणि तिचा हात तिथंच थांबला. दांडीवर एकच पाखरू होतं. काल संध्याकाळी दोन होती.

उरलेला कपडा ओढायला हात धजेना. शेवटी डोळे बारीक करून तिनं तो ओढला. हिरवा बजी, मुठीत मावेल एवढा तो छोटा पोपट, तळाच्या कागदावर चोच उघडी टाकून पडला होता. आधी पिवळा गेला, मग निळ्यांची जोडी एकदमच गेली, आणि आज हा. सासऱ्यांच्या पाखरांतला उरला होता तो फक्त सुभेदार. डोक्यावर ताठ तुरा असलेला हा कॉकटील एरवी पिंजऱ्यात पाहणी करत हिंडायचा, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. आज त्याचा तुरा पडलेला होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर त्याची शेपटी खालीवर होत होती.

हाक मारावी तर कुणाला? पहिली धावत येणार नणंद, आणि ती काय म्हणणार हे सुनेला आधीच पाठ होतं.

आधार म्हणून तिनं शेजारच्या इस्त्रीच्या टेबलावर हात टेकला, तसा कोपर इस्त्रीला लागला. इस्त्री गरम होती.

काल संध्याकाळी बाळाची झबली तिनंच इस्त्री केली होती. पिन सॉकेटमध्ये होती, बटण बंद होतं. आपण ते कधी बंद केलं? काल? की आज पहाटे, बाळाला बाटली द्यायला उठलो तेव्हा झोपेच्या गुंगीत? बाळ झाल्यापासून तिचा स्वतःवरचा भरवसाच उडाला होता. परवा दुधाचा डबा फ्रिजमध्ये सापडला होता आणि चष्मा लंगोटांच्या ढिगात. तिनं घाईघाईनं इस्त्रीवर टॉवेल टाकला, अगदी चोरासारखा.

"काय लपवतेस गं?" मागून नणंदेचा आवाज आला.

२

नणंद, म्हणजे घरातल्या सगळ्यांची ताई, बाळंतपणासाठी म्हणून दुसऱ्या गावाहून आली होती आणि उद्या परत जायची होती. बाई हाडाची वाईट नव्हती. बाळासाठी तिनं रात्रीचा दिवस केला होता. पण घरात पाऊल टाकताक्षणी तिनं नाकाला पदर लावला होता. "पिंजऱ्याचा वास येतो या घराला. लहान बाळाच्या घरी हे शोभतं का?"

सुनेनं ते मनाला लावून घेतलं होतं. तिनं फवारे आणले, सॉकेटला लावायची सुगंधी डबी आणली, सतरंजीवर टाकायची सुवासिक पावडर आणली. मग पिवळा मेला. तेव्हा पाखरांच्या डॉक्टरबाईंनी फोनवरच तिची चांगली हजेरी घेतली. पाखरांची फुप्फुसं फार नाजूक असतात, म्हणाल्या. फवारे, मेणबत्त्या, पावडरी, सगळं आधी बाहेर काढा. नॉन-स्टिक भांडी तर घरात ठेवूच नका, तापून कोरडी पडली की त्यांचा धूर पाखरांना क्षणात संपवतो, आणि त्याला म्हणावा असा वाससुद्धा नसतो.

सुनेनं एकूण एक गोष्ट पाळली. तवे-कढया शेजारच्या गॅरेजमध्ये गेल्या. पिंजऱ्याचा कागद ती रोज बदलू लागली, ट्रे नुसत्या गरम पाण्यानं घासू लागली, कचऱ्याच्या डब्यात खायचा सोडा टाकू लागली. दिवसभर खिडक्या उघड्या ठेवायची आणि अधूनमधून संत्र्याची सालं पाण्यात उकळायची. घर कसं लख्ख झालं. तरीही निळ्यांची जोडी मेली, आणि आता हा हिरवा.

"टॉवेल काढ," ताई म्हणाली. तिनं स्वतःच हात घालून इस्त्री चाचपली आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "ही रात्रभर चालू होती?"

"मला... मला आठवत नाही, ताई."

"आठवत नाही!" ताईनं कपाळावर हात मारला. "झबल्यांवर करपल्याचे डाग पडतात, तेही तुला आठवत नाही. पाखरं मरतात, तेही माहीत नाही. एक दिवस घराला आग लावशील गं तू. हे बघ, मी तुला दोष देत नाही. तुझं डोकं थाऱ्यावर नाही, तुला झोपेची गरज आहे. उद्या जाताना बाळाला मी घेऊन जाते. बाटलीचं दूध घेतंय आता. तू बरी झालीस की आणू परत."

रात्रपाळी संपवून तेवढ्यात नवरा आत आला. छापखान्याच्या शाईनं त्याची नखं काळी होती. सुनेनं आशेनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पिंजऱ्याकडे पाहिलं, इस्त्रीकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

"थोडे दिवसच ना, ताई?" तो म्हणाला.

३

सुनेनं फोनवर कळवल्याबरोबर डॉक्टरबाई निघाल्या. अंगानं धिप्पाड, आवाजानं त्याहून धिप्पाड. दारातच त्यांनी दोन्ही खिडक्या सताड उघडायला लावल्या, सुभेदाराला कानाशी धरून त्याचा श्वास ऐकला, आणि मग खुर्ची ओढून पिंजऱ्याशेजारी ठाण मांडलं.

"याला मी दवाखान्यात नेते. पण त्याआधी मला कळलं पाहिजे की या हवेत काय आहे. एकेकानं समोर यायचं, आणि मला बनवायचं नाही."

ताई आधी आली. "मला पाखरांचं वावडं आहे, हे मी लपवत नाही. पण मारायला मी काय कसाई आहे?"

डॉक्टरबाईंनी नुसता श्वास घेतला. "मेणबत्ती कुठली वापरता? लॅव्हेंडर?"

ताईचा चेहरा पडला. "माझ्या खोलीत लावते. दार लावून. संध्याकाळी, थोडाच वेळ."

"आजच फेका. पण या मरणांत तिचा हात दिसत नाही. तुमची खोली पार त्या टोकाला आहे. मेणबत्ती पेटते संध्याकाळी, आणि पाखरं रात्री धडधाकट असतात. मरतात ती सकाळी."

नवऱ्याला त्यांनी त्याच्या छापखान्यातल्या रसायनांबद्दल विचारलं. तो हात तिथंच धुऊन यायचा, कपडेही तिथंच बदलायचा, आणि तो घरी पोचायच्या आत दरवेळी पाखरू मेलेलं असायचं. "बाळ झाल्यावर घरात नवीन काय आलं?" "बाटल्या उकळायचं भांडं. इस्त्री. पाळणा." मग त्यानं बहिणीकडे पाहिलं. "आणि ताई." ताईनं डोळे वटारले.

मग सासरे आले. साबणाच्या कारखान्यात त्यांची सगळी हयात वास घेण्यात गेली होती. नवा सुगंध त्यांच्या नाकाखालून गेल्याशिवाय साच्यात पडायचा नाही, म्हणून सगळा कारखाना त्यांना नाकसाहेब म्हणायचा, आणि घरातही थट्टेनं तेच नाव चालायचं. दिवसभर वास घेऊन नाक थकलं की कॉफीच्या बिया हुंगायच्या, म्हणजे ते पुन्हा ताजं होतं, हे त्यांनी सुनेला शंभरदा सांगितलं होतं. पाखरं त्यांचीच. आज ते एका हिरव्या पिसावरून बोट फिरवत बसले होते आणि त्यांचे डोळे लाल झाले होते.

"मी उठल्याबरोबर आधी यांच्याशी बोलतो," ते म्हणाले. "कपड्याच्या बाहेरूनच. आज हिरव्यानं उत्तर दिलं होतं मला." त्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं. "डॉक्टर, त्या गुलाबांनी तर काही होत नसेल? फार दरवळतात हो ते."

टेबलावरचे गुलाब ताईनं आणलेले होते, आणि कापडाचे होते.

"बाबांना या दुःखातही थट्टा सुचते," ताई डोळे पुसत म्हणाली. नवराही कसनुसं हसला. हे घर नाकसाहेबांच्या असल्या थट्टेला सरावलं होतं. मागच्या आठवड्यात भरलेल्या लंगोटासकट नातवाला तासभर मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हाही सगळे असेच हसले होते. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत.

शेवटी सून आली. "पहाटे बाटली देऊन मी पुन्हा झोपते. उठते तेव्हा असं झालेलं असतं."

"उठल्यावर घरात कसला वास येतो?"

सून अडखळली. "कसलाच नाही."

पाणी प्यायचं निमित्त करून डॉक्टरबाई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"तुम्ही आत्ता खोटं बोललात," त्या हळूच म्हणाल्या.

४

सुनेला रडू फुटलं. "मी पाखरांना काही केलं नाही हो. निदान मला तसं आठवत नाही."

"वास कसला येतो?"

"कॉफीचा. ताईंना सांगू नका. बाबांना कॉफी बंद आहे, हृदयामुळे. पण सकाळी कधीकधी घरात कॉफीचा वास येतो, जरासा करपट. ते चोरून पितात, हे मला माहीत आहे आणि ह्यांनाही माहीत आहे. आम्ही बोलत नाही. म्हातारपणी माणसाला एवढं तरी सुख असावं. आणि सगळे सुगंध काढून टाकल्यावर तेवढाच काय तो चांगला वास उरलाय घरात."

"मग कप कोण धुतं?"

"म्हणजे?"

"कॉफी प्यायल्यावर कप उरतो. तो कोण धुतं?"

भांडी तर सगळी तीच घासायची. सिंकमध्ये कॉफीचा डाग पडलेला कप तिला एकदाही दिसला नव्हता. गाळणं नाही, चमचा नाही, दूध कमी झालेलं नाही. वास यायचा, आणि कॉफी कुणी पीतच नव्हतं. मग सकाळी या घरात कोण काय करत होतं? झोपेत ती स्वतःच तर नाही?

तिला आता लपवणं सहन होईना. गरम इस्त्रीचं तिनं घडाघडा सांगून टाकलं. झबल्यांवरचे तपकिरी डाग, आणि याआधीही एकदा पाखरू मेलेल्या सकाळीच इस्त्री कोमट लागली होती तेही. कुणाला न सांगता तेव्हापासून ती मनातल्या मनात झुरत होती.

डॉक्टरबाई तरातरा बाहेर गेल्या. त्यांनी इस्त्रीवरचा टॉवेल काढला आणि इस्त्री उलटी केली. तिचा तळ काळाकुळकुळीत होता.

"हे काय आहे?"

"नॉन-स्टिक," नवरा म्हणाला. "कपडा चिकटत नाही. बाळाच्या कपड्यांसाठी मुद्दाम चांगल्यातली आणली."

ते बोलता बोलताच त्याची नजर पिंजऱ्याकडे वळली.

"मी तवे विचारले, कढया विचारल्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इस्त्री विचारली नाही, ही माझी चूक. संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून, मंद आचेवर चार झबली फिरवली, तर बहुधा निभावतं. पण ही अगदी शेवटच्या आकड्यावर, बराच वेळ, बंद खोलीत तापत राहिली, आणि पिंजरा इथं असा हाताच्या अंतरावर. तुमची पाखरं हिनं मारली आहेत."

ज्या गोष्टीची सुनेला इतके दिवस धास्ती होती, ती आता दुसऱ्याच्या तोंडून सर्वांसमोर उच्चारली गेली होती.

"म्हणजे हीच," ताई पुटपुटली. मग तिचा आवाज चढला. "इस्त्री हीच वापरते. घरात दुसरं कुणी हात लावत नाही तिला. आज पाखरू गेलं, उद्या बाळाच्या पाळण्याशेजारी काहीतरी चालू ठेवील! मी उद्याची वाट बघत नाही. मी आत्ताच निघते."

ती पाळण्याकडे गेली आणि तिनं बाळाला उचललं.

५

सून तिच्या आडवी गेली. पण काय सांगणार होती? माझ्यावर विश्वास ठेवा, असं म्हणायला तिचा तरी स्वतःवर कुठं विश्वास उरला होता?

"एक मिनिट," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो डाग पडलेला कपडा दाखवा मला."

कालचं पांढरं झबलं खुर्चीवर होतं. त्याच्या पाठीवर बोटाच्या पेराएवढे दोन तपकिरी ठिपके होते. डॉक्टरबाईंनी ते उजेडात धरलं. "इस्त्रीनं कपडा करपला तर इस्त्रीच्या आकाराचा करपेल. हे तेलकट थेंब आहेत. इस्त्रीवर आधी काहीतरी भाजलं गेलंय, आणि ते मग कपड्याला लागलंय." त्यांनी झबलं सुनेकडे दिलं.

सुनेनं ते नाकाशी नेलं. कॉफीच होती ती.

आणि तिला एकदम सगळं दिसलं. कप नव्हता, कारण कॉफी प्यायलीच जात नव्हती. कापडाचे गुलाब आणि तो भरलेला लंगोटही तिला आठवला. ती थट्टा नव्हती. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते अजून ते हिरवं पीस मुठीत धरून बसले होते. त्यांना काहीच उमगलं नव्हतं. हे त्यांना कळलं तर ते कसे जगतील, या विचारानं तिला धडकी भरली. या घरात तिला पहिल्या दिवसापासून कुणी मायेनं वागवलं असेल तर ते या माणसानं.

ताईच्या खांद्यावर बाळ रडू लागलं.

सून सासऱ्यांसमोर गुडघ्यांवर बसली. "बाबा," तिनं झबलं पुढं केलं, "याला कसला वास येतो, सांगाल?"

त्यांनी ते घेतलं. सवयीनं डोळे मिटले आणि ते थोडं अंतर ठेवून नाकाखालून फिरवलं, तसं ते कारखान्यात फिरवायचे. मग जवळ नेलं. मग नाकाला घट्ट दाबून धरलं आणि दोन-तीनदा खोल श्वास ओढला.

"साबणाचा," शेवटी ते म्हणाले. "स्वच्छ आहे."

त्यांनी डोळे उघडले, एकेकाचा चेहरा पाहिला, आणि झबलं हळूहळू मांडीवर ठेवलं.

"माझं नाक गेलंय," ते म्हणाले. "तो ताप आला होता ना हिवाळ्यात, तेव्हापासून. वाटलं, येईल परत. कुणाला सांगू? नाकसाहेब म्हणतात मला."

"बाबा, इस्त्री..." नवऱ्यानं तिचा काळा तळ त्यांच्यापुढं धरला.

"कारखान्यात आमच्याकडे तशीच रीत होती. वास लपून बसला असेल तर थेंब तापल्या पत्र्यावर टाकायचा, म्हणजे तो वर येतो. गॅस पेटवला तर ताई उठते, म्हणून मी इस्त्री उलटी करून ठेवायचो आणि कॉफीच्या चार बिया टाकायचो. काहीच यायचं नाही, मग आच वाढवायची. शेवटच्या आकड्यापर्यंत. एखाद्या दिवशी तरी येईल..."

"आणि खिडकी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"लावून घ्यायचो. वास निसटू नये म्हणून."

हे बोलल्यावर त्यांना स्वतःचेच शब्द ऐकू आले. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं आणि मुठीतलं पीस खाली पडलं. "मी केलं," ते म्हणाले. "मी त्यांच्याशी बोलत बोलत केलं."

ताई बाळाला घेऊन तशीच पलंगावर टेकली. "बाबा, सांगायचं तरी होतं. एवढी कसली घाई होती नाकाची?"

"घाई?" ते बाळाकडे बघत राहिले. "तुम्ही सगळे याचं डोकं हुंगता आणि डोळे मिटता. तू हुंगतेस, हा हुंगतो. मीही हुंगतो, मान डोलावतो, वा म्हणतो. मला काही येत नाही, पोरी. नातू झाला आणि मला तो कसा आहे हे कळलंच नाही."

ताईनं बाळ सुनेच्या हातात दिलं. देताना तिनं सुनेचा हात घट्ट दाबला आणि मान वळवली.

सुनेनं बाळाला छातीशी घेतलं. भीती अजून उतरली नव्हती. तशीच ती सासऱ्यांच्या शेजारी बसली.

"सांग ना," ते लहान मुलासारखे म्हणाले. "कसा येतो?"

तिनं बाळाच्या टाळूवर नाक टेकलं. "दुधाचा, बाबा. थोडा घामाचा. आणि उन्हात वाळलेल्या सुती कपड्यासारखा, तो अगदी मागे राहतो." तिला एकदम रडता रडता हसू आलं. "आणि आत्ता लंगोटही भरलाय."

ते हसले, आणि मग तोंडावर झबलं धरून हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून उठली तेव्हा सासरे बैठकीत बसले होते. इस्त्री घराबाहेर गेली होती आणि पिंजऱ्याची जागा रिकामी होती. ताईनं जाणं आठवडाभर पुढं ढकललं होतं आणि आपल्या मेणबत्त्या स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकल्या होत्या. फोन वाजला. दोघांनीही तो लगेच उचलला नाही. शेवटी सुनेनं उचलला, ऐकला आणि ठेवला.

"सुभेदार अजून जिवंत आहे," ती म्हणाली. "धोका टळला असं आत्ताच म्हणता येत नाही, म्हणाल्या. पण त्यानं दाणे खाल्ले आणि डॉक्टरबाईंच्या बोटाला चावला."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. खिडक्या उघड्या होत्या आणि पडदे हलत होते.

"आत्ता घरात कसला वास येतोय गं?" त्यांनी विचारलं.

तिनं खोल श्वास घेतला, नीट थांबून, त्यांच्यासारखाच. "कसलाच नाही, बाबा."

"खरंच?"

"खरंच. मलाही काही येत नाही."

"मग बरं आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी बाळाला घ्यायला हात पुढं केले.